चक्रीवादळ समुद्रात असतं, मग तासगावच्या द्राक्षबागेला त्याची धास्ती कशाला?

कारण वादळ लांब असलं तरी त्याचे ढग लांब नसतात राव. समुद्राचं पाणी वरच्या ५० मीटरपर्यंत साधारण २६.५ अंशांच्या वर तापलं की वाफ वर चढते, तिचं पाणी होताना उष्णता सुटते, त्यानं हवा अजून वर जाते, खाली दाब कमी होतो आणि चारी बाजूंनी हवा आत घुसते, पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न येता आपल्याकडं घड्याळाच्या उलट्या दिशेनं गरगरत येते. विषुववृत्ताजवळ हा पीळ बसत नाही म्हणून तिथं वादळ जवळपास होतच नाही. वारा ताशी ६२ किमीच्या पुढं गेला की आपल्याकडं नाव देतात, अमेरिकेकडं ११९ च्या पुढं गेलं की हरिकेन, प्रकार एकच.

जुलै-ऑगस्टमधे समुद्रावर खालचे वारे एका दिशेचे अन् वरचे उलट्या, त्यामुळं वादळ उभंच राहत नाही. धोका मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

जमिनीवर आलं की वाफ तुटते आणि ते मरतं, वर सह्याद्री आडवा, त्यामुळं सांगलीत कोकणासारखे पत्रे उडणार नाहीत, २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात श्रीवर्धनकडं आलं तेव्हा खरा मार कोकणानंच खाल्ला. पण ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस ढगाळ अन् रिमझिम झाली तरी डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आलीच, घडकूज वेगळी. त्यामुळं वाऱ्याचा आकडा बघत बसू नका, पावसाचा अंदाज बघून फवारणी आधीच उरका.