लेझर प्रिंटरवर मॅक्रो वापरताना
तुर्भ्याच्या गोदामात रोज ढीगभर चलने छापायची असतील, तर त्यांवरील रेघा, चौकटी आणि पत्ता दर पानासोबत पुन्हा पाठवण्यापेक्षा ते छापण्याच्या आज्ञा पीसीएल (प्रिंटरला सूचना देण्याची भाषा) मॅक्रो, म्हणजे एकत्र साठवलेला आज्ञांचा संच, म्हणून प्रिंटरच्या मेमरीत एकदाच ठेवाव्यात, असे मी आपणास आग्रहाने सुचवेन. आधी मॅक्रोला क्रमांक द्यावा. त्यानंतर ‘एस्केप, अँपरसँड, एफ, शून्य, एक्स’ या आज्ञेने (एस्केप म्हणजे आज्ञेची सुरुवात दाखवणारे अदृश्य चिन्ह) मॅक्रोची नोंद सुरू होते आणि शून्याच्या जागी एक घातल्यास थांबते.

नवशिके चुकतात ते पुढे. त्याच शून्याच्या जागी दोन हे मूल्य घालून चालवलेला मॅक्रो फॉन्ट व समास बदलून तसेच ठेवतो, तर तीन या मूल्याने बोलावलेला मॅक्रो संपताच ते पूर्ववत होतात, म्हणून चलनासाठी मी नेहमी तीनच वापरतो.

रीसेटच्या आज्ञेने तात्पुरते मॅक्रो पुसले जातात. ते टिकवण्यासाठी दहा हे मूल्य द्यावे. मात्र असा ‘कायम’ मॅक्रोही साधारणतः वीज जाईपर्यंतच राहतो. वागळे इस्टेटमधील आमच्या कचेरीत एकदा दुपारी वीज गेली आणि नंतरची सारी चलने चौकटीविना, नुसत्या आकड्यांची निघाली. तेव्हापासून प्रिंटर सुरू होताच मॅक्रोची फाइल पाठवून एक पान तपासल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.