संशोधन संस्थेच्या प्रकाशनांचा ऑनलाइन कॅटलॉग: हे काम कारकुनी आहे का?

आपले पत्र मिळाले. आपण ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षात आहात. एका संशोधन संस्थेने तिची प्रकाशने ऑनलाइन कॅटलॉगमध्ये आणण्याचे वर्षभराचे काम आपल्याला देऊ केले आहे, आणि असल्या कारकुनीपेक्षा तो वेळ प्रोग्रॅमिंगला द्यावा का, असे आपण विचारता. माझ्या मते काम स्वीकारावे, मात्र एक अट घालून.

बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाची नोंद बहुधा दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाने आधीच केलेली असते आणि ती उतरवून घेता येते. संस्थेच्या अंतर्गत अहवालांची नोंद मात्र अनेकदा कोठेच नसते. ती पहिल्यांदा आपणच करणार असता. एकच संशोधक कोठे आद्याक्षरांनी, कोठे पूर्ण नावाने, तर कोठे बदललेल्या आडनावाने छापला गेलेला असतो, आणि ही माणसे एक की अनेक, हे पुरावे तपासून ठरवावे लागते. ते ठरवले नाही, तर संचालकांनी दहा वर्षांचे निबंध मागितल्यावर कॅटलॉग अर्धीच यादी देतो, आणि ती अर्धी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०१२ पासून मिळू लागलेला ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आज लिहिणाऱ्यांची ओळख पक्की करतो. दिवंगत संशोधकांसाठी ऑथॉरिटी फाइलच, म्हणजे प्रत्येकाचे एक प्रमाण नाव आणि त्याची इतर रूपे जोडणारी यादी, उभारावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी नाकारत नाही. कारकुनी मात्र नव्हे.

म्हणूनच अट अशी, की नोंदींचे नियम ठरवताना आपल्याला सहभागी करून घ्यावे. केवळ तयार रकाने भरायचे असतील, तर आपली शंका रास्त आहे.

प्रोग्रॅमिंगची गरज याच कामात पडेल. मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या संगणकीय आराखड्यात निबंध ज्या नियतकालिकात आला त्याच्यासाठी ७७३ हे स्वतंत्र क्षेत्र असते, तर डब्लिन कोअर या सोप्या आराखड्याचे मूळ घटक अवघे १५. त्यामुळे एकातून दुसऱ्यात नोंदी नेताना खंड, अंक आणि पृष्ठे सहसा एकाच ओळीत कोंबली जातात. हजारो नोंदींत हे हाताने निस्तरता येत नाही. पायथन तेव्हा शिकावे. समोर खरी अडचण असली की भाषा लवकर आत्मसात होते.

वेतनाबद्दल आपण लिहिलेले नाही. ते लेखी ठरवून घ्यावे.

होकार कळवण्यापूर्वी कोहा (१९९९ मध्ये न्यूझीलंडमधील ग्रंथालयासाठी सुरू झालेली प्रणाली) आणि डीस्पेस (एमआयटी व एचपी यांनी २००२ मध्ये आणलेली) या दोन्ही आपल्या संगणकावर बसवून पाहाव्यात. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. पहिलीचा जीव ग्रंथांच्या देवघेवीत आहे, तर दुसरी मूळ फाइलच सांभाळते. संस्थेची वीस प्रकाशने निवडून दोन्हींत नोंदवावीत, आणि जेथे आपण अडाल ते प्रश्न लिहून मुलाखतीला न्यावेत.