केशरी कागदावर विटकरी का होतो?

प्रश्न : ताई नमस्कार, गिरगावात आमचं घरगुती काम आहे, बहीण पैठण्यांचे आणि खणांचे फोटो काढते आणि मी कार्डं प्रिंट करून गिऱ्हाइकांना देते. स्क्रीनवर छान केशरी दिसणारा काठ कागदावर विटकरी येतो, त्यापायी एका बाईंनी साडी परत केली. भाचा म्हणाला आर्गिल सीएमएस हे रंग जुळवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मग ओळखीतून कलरमंकी फोटो हे कागदावरचे रंग मोजणारं यंत्र आठवड्यासाठी आणलं, काळ्या विंडोत कमांड टाकून टाकून प्रोफाइल बनवलं, आणि आता तर केशरी आणखीच लाल येतोय, चेहरे करपल्यासारखे दिसतात. कमांड चुकली का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : साडी परत आली हे वाचून वाईट वाटलं, आणि तरी तुम्ही काळ्या विंडोपर्यंत गेलात याचं मला खरंच कौतुक आहे. कमांड चुकली असेल असं मला वाटत नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा संशय ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. प्रिंट देताना ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये रंग सुधारण्याचा पर्याय आपोआप चालू असतो. चार्ट, म्हणजे मोजण्यासाठीचं रंगीत चौकोनांचं पान, छापताना तो चालू राहिला तर यंत्राने मोजला तो तुमचा प्रिंटर नाही, प्रिंटर अधिक ड्रायव्हरची मेहेरबानी. किंवा चार्ट बरोबर छापला पण नंतर फोटो छापताना फोटोच्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल लावलं आणि वर ड्रायव्हरनेही आपलं गणित लावलं, म्हणजे एकच दुरुस्ती दोनदा, आणि चेहरे करपतात ते बहुतेक वेळा यानेच. चार्टच्या वेळी आणि फोटोच्या वेळी, दोन्ही वेळा ड्रायव्हरमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' किंवा त्या अर्थाचं जे असेल ते निवडा, कागदाचा प्रकार आणि क्वालिटीही दोन्ही वेळा तीच ठेवा. प्रोफाइल म्हणजे हा प्रिंटर, ही शाई, हा कागद आणि हे सेटिंग एकत्र कसे वागतात त्याची नोंद, यातलं एक बदललं की नोंद खोटी. ग्लॉसी कागदाचं प्रोफाइल मॅटला चालत नाही, आणि शाई बाजारातली दुसरी भरली तरी परत पहिल्यापासून करायचं.

आता पुन्हा करा पण घाई करू नका. आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी भोकं चालू आहेत का ते दाखवणारं पान, घ्या, एक बारीक रेघ जरी तुटलेली दिसली तर हेड साफ करा, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात. मग आर्गिलची टार्जेन ही कमांड, ती रंगांचे चौकोन ठरवते. तिला डॅश डी २ (-d2) द्यायचं, तो आरजीबी (लाल-हिरवा-निळा) प्रिंटरचा आकडा, डॅश डी ४ म्हणजे सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई). इथे पुष्कळ जण फसतात, कारण आत शाया चार असतात म्हणून ४ देतात, पण घरच्या इंकजेटचा ड्रायव्हर आपल्याकडून आरजीबीच घेतो आणि शाया स्वतः ठरवतो, म्हणून २ च. चौकोन किती हे डॅश एफ ने सांगायचं, मी पाचशेच्या आसपास घेते. प्रिंटटार्ग त्याचं छापायचं पान करतं, यंत्राचं नाव त्याला डॅश आय सीएम असं सांगा आणि डॅश टी देऊन टिफ फाइल घ्या. टिफ शंभर टक्के मापातच छापा, 'पानात बसवा' वगैरे बंद, नाहीतर पट्ट्यांचं माप बदलतं आणि यंत्राने चार्ट वाचणारी चार्टरीड ही कमांड गोंधळते.

छापल्यावर लगेच मोजू नका हो! शाई वाळताना रंग सरकतो, आणि आपल्या मुंबईत पावसाळ्यात हवेत एवढं पाणी असतं की मी तर अख्खी रात्र आणि शक्य तर पूर्ण दिवस पान पंख्याखाली उघडं ठेवते, मगच चार्टरीडने वाचते. खाली दोन-तीन कोरे पांढरे कागद घाला म्हणजे टेबलाचा रंग वर डोकावणार नाही. हात थकला तर थांबा, डॅश आर देऊन राहिलं तिथून पुढे वाचता येतं. मग कोलप्रॉफ चालवलं की आयसीसी प्रोफाइल तयार होतं, विंडोजवर त्याचं शेपूट आयसीएम असतं, आणि डॅश वाय दिलं असेल तर शेवटी सरासरी चूक किती ते छापून येतं. ती साधारण १ च्या आसपास असेल तर छान, ३-४ च्या वर गेली तर कुठेतरी पट्टी चुकीची वाचली गेलीय किंवा नोझल मध्येच बंद पडलंय असं समजा. पण आकडा छान आला म्हणून ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद होती असं सिद्ध होत नाही बरं का, तो आकडा फक्त प्रोफाइल तुमच्याच मोजमापाशी किती जुळतं एवढंच सांगतो, त्यामुळे ड्रायव्हरचं सेटिंग डोळ्यांनीच तपासा.

एक मनापासून सांगते. अगदी बरोबर प्रोफाइल असलं तरी स्क्रीनवरचा लख्ख पोपटी कागदावर येणार नाही, तो शाईच्या आवाक्यातच नसतो. आणि बरेचसे पांढरेशुभ्र फोटोपेपर अतिनील प्रकाश शोषून निळसर चमकतात, म्हणून तेच कार्ड खिडकीत वेगळं आणि एलईडी दिव्याखाली वेगळं दिसतं. साडी शेजारी धरून दोन्ही उजेडात बघा आणि मगच कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

प्रश्न : मी मॅकवर आहे. प्रिव्ह्यूमधून चार्ट छापला तर रंग बदललेले वाटतात, ड्रायव्हरमध्ये बंद करायला काही सापडतच नाही. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : प्रिव्ह्यूमधून चार्ट छापूच नका, तिथे सिस्टीम मध्ये पडून रंग फिरवते. मॅकमध्येच असलेल्या कलरसिंक युटिलिटीत फाइल उघडा, तिथल्या प्रिंटच्या खिडकीत रंगाच्या पर्यायात 'कलर टार्गेट म्हणून छापा' असं मिळतं, तेच घ्या.

प्रश्न : स्क्रीन कॅलिब्रेट करायचं यंत्र माझ्याकडे आहे, त्यानेच कागद मोजला तर? की स्कॅनर वापरू? आणि प्रिंटकॅल नावाची कमांडही दिसते, ती आधी चालवायची का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्क्रीनच्या यंत्राने नाही जमणार दादा, त्याला स्वतःचा दिवा नसतो, ते फक्त स्क्रीनचा उजेड मोजतं आणि कागद तर स्वतः उजेड देत नाही. स्कॅनरने आर्गिलच्या स्कॅनइन कमांडमधून होतं, पण त्याआधी स्कॅनरचंच प्रोफाइल आयटी८ या ठरलेल्या रंगांच्या तयार पट्टीवरून बनवावं लागतं, आणि तरीही स्कॅनर रंग आपल्या डोळ्यासारखा बघत नाही त्यामुळे गडद रंगांत आणि राखाडीत फरक राहतो. मी तर म्हणेन दोन-तीन मित्र मिळून कागद मोजणारं यंत्र एका दिवसासाठी कुणाकडून आणा, चार्ट आधीच छापून वाळवून ठेवा आणि एका बसणीत सगळ्यांचे वाचून टाका. प्रिंटकॅल प्रत्येक शाईचा चढउतार सरळ करतं, पण ते जिथे शाया थेट हातात असतात अशा सीएमवायके मशीनसाठी कामाचं, घरच्या आरजीबी ड्रायव्हरला सहसा ते सोडून थेट प्रोफाइलच करा.