स्टँटन, व्हर्जिनिया: महापौरांना भेटा, पण काम मॅनेजरकडे

फिशर्सव्हिलच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, घर स्टँटनला बघताय, आणि प्रश्न असे: एवढ्या लहान गावात महापौरांना थेट भेटता येतं का, मुलांची शाळा कशावर ठरते, आणि गाव राहायला कसं आहे. मी या खोऱ्यात बरीच वर्षं राहतोय, म्हणून जरा लांबण लावतो. (स्पेलिंग बघून स्टॉन्टन म्हणू नका, इथले लोक हसतात.)

महापौरांना भेटता येतं. ओळखपाळख लागत नाही, बाजारातसुद्धा भेटतील. पण घरासमोर पाणी तुंबतंय अशी तक्रार घेऊन गेलात तर ते नीट ऐकून घेतील आणि सिटी मॅनेजरच्या ऑफिसकडे पाठवतील. टाळाटाळ म्हणून नव्हे. त्यांच्या हाताखाली कोणी अभियंता नाही, कोणी मुकादम नाही. शहराच्या परिषदेत सात सदस्य, सगळे अख्ख्या शहरातून निवडून येतात, वॉर्ड नाहीत. मुदत चार वर्षांची, पण एकदम सगळे बदलत नाहीत, दर दोन वर्षांनी काही जागांची निवडणूक होते. ती झाली की हे सात जण आपल्यातूनच एकाला महापौर आणि एकाला उपमहापौर करतात. महापौर सभा चालवतो, समारंभात शहराच्या वतीने बोलतो, आणि मतदानाला त्याचं मत एकच. रस्ते, पाणी, कचरा, पोलीस, बागा, सगळी खाती सिटी मॅनेजरकडे. मॅनेजर निवडून आलेला नसतो, परिषदेने नेमलेला असतो, आणि परिषदेच्या मनातून उतरला तर जातोही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला नगरपरिषद डोळ्यांसमोर आणावी. २०२०च्या जनगणनेत स्टँटनची वस्ती २५,७५० भरली, म्हणजे आपल्या १९६५च्या कायद्याप्रमाणे 'क' वर्ग. तिथे नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडलेला आणि मुख्याधिकारी राज्य सरकारने पाठवलेला. त्याची बदली मंत्रालयातून होते, नगरसेवकांनी कितीही आदळआपट केली तरी. इथे दोन्ही टोकं उलटी. प्रमुख लोकांनी थेट निवडलेला नाही आणि अधिकारी राज्याने पाठवलेला नाही. माझं मत विचाराल तर यामुळे इथे नगराध्यक्ष विरुद्ध मुख्याधिकारी हा आपला कायमचा तमाशा फारसा होत नाही. भांडणं होतात ती परिषदेच्या आतच, चार विरुद्ध तीन अशी.

ही पद्धत स्टँटनने कुठून आणली नाही, इथेच सुरू केली. १९०२च्या व्हर्जिनियाच्या राज्यघटनेने असं ठरवलं होतं की दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहराला दोन सभागृहांची परिषद हवी. स्टँटनने ती रेषा ओलांडली आणि एवढ्याशा गावात दोन सभागृहं, त्यांच्या ढीगभर समित्या, आणि रस्ते मात्र चिखलाचे, अशी अवस्था झाली. तेव्हा देशात टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनच्या कमिशन पद्धतीचा बोलबाला होता. १९००च्या वादळाने ते शहर धुऊन नेल्यावर तिथे पाच जणांच्या मंडळाने कारभार हाती घेतला होता. स्टँटनलाही ते हवं होतं, पण राज्यघटना आडवी आली. मग त्यांनी पळवाट काढली. दोन्ही सभागृहं राहू दिली आणि १९०८च्या जानेवारीत साधा ठराव करून 'जनरल मॅनेजर' नावाचं एक पद तयार केलं. सगळी कामं एका पगारी, जाणत्या माणसाच्या हातात. (कॅलिफोर्नियातलं उकाया १९०४चा दाखला देऊन पहिलेपणाचा दावा सांगतं. स्टँटनमध्ये हा विषय काढू नये.)

त्या पदावर पहिला आला चार्ल्स ॲशबर्नर. हा रेल्वे आणि रस्त्यांच्या कामातला इंजिनिअर, पगार वर्षाला २,५०० डॉलर. आणि जन्म कुठला, तर मुंबईचा! वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी होते. मुंबईत तो वाढला असं काही नाही, शिक्षण युरोपात झालं, तेव्हा 'आपला माणूस' म्हणून फेटा बांधायची गरज नाही. पण सिटी हॉलमध्ये कोणाशी गप्पा मारायची वेळ आली तर विषय चांगला आहे. त्याची एक गोष्ट इथे अजून सांगतात. शहराचा बंधारा फुटला होता, कंत्राटदारांनी दुरुस्तीचा मोठा आकडा सांगितला, आणि ॲशबर्नरने त्यातल्या थोडक्या पैशात काम उरकून दिलं. इथून तो गेला तो पुढे ओहायोतलं स्प्रिंगफील्ड, मग नॉरफोक, मग कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन, अशी शहरं सांभाळत राहिला. १९१४ मध्ये सिटी मॅनेजरांची संघटना निघाली तिचा पहिला अध्यक्षही तोच. म्हणजे नुसतं पद नाही, एक अख्खा पेशा उभा राहिला. १९१३च्या महापुरानंतर ओहायोतल्या डेटनने ही पद्धत घेतली आणि मोठ्या शहरांनाही ती पटली. आज फिनिक्स, डॅलस, सॅन अँटोनिओ अशी अवाढव्य शहरं याच पद्धतीने चालतात.

आता तुमच्या कामाचा भाग. घर बघताना हा विसरू नका.

व्हर्जिनियात 'स्वतंत्र शहर' असा प्रकार आहे. बाकी बहुतेक राज्यांत शहर हे काउंटीच्या (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आत असतं आणि दोघांचाही कर भरावा लागतो. इथे शहर काउंटीच्या बाहेर असतं, नकाशात चहूबाजूंनी काउंटीने वेढलेलं असलं तरी. अमेरिकेत अशी ४१ शहरं, त्यातली ३८ एकट्या व्हर्जिनियात. स्टँटनच्या सगळ्या बाजूंनी ऑगस्टा काउंटी आहे, पण स्टँटन त्या काउंटीत नाही. काउंटीची कार्यालयं शेजारच्या व्हेरोनाला आहेत. पोस्टाला यातलं काही देणंघेणं नाही, त्यामुळे २४४०१ हा पिन आणि 'स्टँटन' हा पत्ता असलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात काउंटीत आहेत. घर काउंटीत निघालं की शाळा काउंटीची, कर काउंटीचा, मतदान काउंटीच्या सुपरवायझरला (म्हणजे काउंटीच्या मंडळाच्या सदस्याला), आणि फोन केल्यावर येणार तो काउंटीच्या शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा माणूस. जाहिरातीत 'स्टँटन' वाचून भाडेकरार करू नका. घर शहरात की काउंटीत हे मालकाला लेखी विचारा, किंवा शहराच्या नकाशावर पत्ता घालून बघा. दोन्हीकडच्या शाळांत चांगलं-वाईट ठरवायला मी बसणार नाही, पण हद्द ओलांडली की बस बदलते, एवढं नक्की. तुमचं हॉस्पिटल स्वतः काउंटीत आहे, त्याने घरावर काही फरक पडत नाही.

शाळांबद्दल आणखी एक. शाळा मंडळ वेगळं निवडून येतं, सिटी मॅनेजरचा त्यावर अधिकार नाही. पण व्हर्जिनियात शाळा मंडळाला कर लावता येत नाही. म्हणजे शिक्षक त्यांचे, अभ्यासक्रम त्यांचा, आणि स्थानिक पैसा परिषदेकडून मागायचा. वसंतात बजेटच्या वेळी खरी खडाजंगी होते ती इथे. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे मार्चपासून पुढचे दोन-तीन महिने जाहीर सुनावण्या असतात. शाळा मंडळाची ताकद बघायची असेल तर २०१८ आठवा. हायस्कूलला अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचं नाव होतं, ते काढून पुन्हा स्टँटन हायस्कूल करायचं, असं मंडळाने बहुमताने ठरवलं. गाव दुभंगलं होतं. परिषदेचा त्यात काही संबंध नव्हता, शिव्या मात्र तिलाही पडल्या.

मॅनेजरच्या हाताबाहेर आणखी पाच जण आहेत: शेरीफ, सरकारी वकील, खजिनदार, महसूल आयुक्त आणि सर्किट कोर्टाचा क्लार्क. यांना राज्यघटनेचं संरक्षण, लोक थेट निवडतात, आणि ते परिषदेलाही उत्तर द्यायला बांधील नसतात. तुमचा संबंध पहिल्यांदा येईल तो गाडीमुळे. व्हर्जिनियात गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर असतो, नवीन माणसाला हे बिल बघून धक्काच बसतो. गाडीची किंमत महसूल आयुक्त ठरवतो आणि पैसे खजिनदार घेतो. आकारणी चुकली असेल तर खजिनदाराच्या खिडकीवर वाद घालून उपयोग नाही, आणि महापौरांकडे तर मुळीच नाही. शहरातला शेरीफ मुख्यतः कोर्टाचा बंदोबस्त आणि समन्स बघतो. चोरी, अपघात झाला तर पोलीस, आणि पोलीस मॅनेजरखाली.

सभा बघायला एकदा जाच. नागरिकांना बोलायला वेळ राखलेला असतो. नागरिकत्व नाही म्हणून मत देता येणार नाही, पण माईकसमोर जाऊन नाव-पत्ता सांगून बोलता येतं. ठरलेली मिनिटं संपली की थांबवतात, मग तुम्ही कोणीही असा. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो. अर्थात कोण कुठल्या बाजूचा हे सगळ्यांना माहीत असतं, गाव केवढं! मला त्या सभांत आवडणारी गोष्ट निराळीच आहे. सदस्य बंद दाराआड बसले, तर बाहेर आल्यावर प्रत्येकाला जाहीर मतदान करून सांगावं लागतं की आत कायद्याने परवानगी असलेल्या विषयांखेरीज दुसरं काही बोललो नाही. कोणी खोटं बोलत नसेल असं नाही, पण नाव पुकारून विचारलं जातं.

राहायला गाव कसं? टेकड्यांवरचं, विटांच्या जुन्या इमारतींचं, पायी फिरण्याजोगं. सत्तरच्या दशकात जुन्या इमारती पाडायची लाट आली तेव्हा इथल्या लोकांनी संस्था काढून स्टेशनजवळचा वखारींचा भाग वाचवला. शेक्सपिअरच्या बंदिस्त नाट्यगृहाची प्रतिकृती २००१ पासून चालू आहे आणि तिथे प्रेक्षकांवरचे दिवे मालवत नाहीत. नाटकाचं वेड असेल तर या आकाराच्या गावात एवढं चांगलं नाट्यगृह दुसरीकडे सापडणं कठीण. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन १८५६ मध्ये इथे जन्मले, ते घर बघायला शाळेच्या सहली येतात.

माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं तेही सांगतो. गावाच्या कडेला लाल विटांची, पांढऱ्या खांबांची देखणी जुनी वास्तू दिसेल, आता तिथे हॉटेल आणि फ्लॅट आहेत. ते १८२८ मध्ये सुरू झालेलं राज्याचं मनोरुग्णालय. १९०५ ते १९४३ इथला प्रमुख जोसेफ डिजार्नेट हा सक्तीच्या नसबंदीचा कडवा पुरस्कर्ता होता, आणि १९२४च्या कायद्याने तशा शस्त्रक्रिया सर्रास झाल्या. पुढे तिथे तुरुंग होता. मी पाहुण्यांना तिथे नेतो तेव्हा हे सांगतोच, मग त्यांची कॉफी गार झाली तरी चालेल.

जुन्या भागात घर घेतलंत तर बाहेरच्या बाजूला काहीही बदलण्याआधी वारसा जतन आयोगाची मंजुरी लागते का ते बघा, खिडकीसुद्धा त्यात येते. बाजारपेठेखालून लुईस क्रीक बंदिस्त नाल्यातून वाहतो. २०२०च्या ऑगस्टमध्ये तो वर आला आणि दुकानांत पाणी शिरलं. उतारावरच्या घराचं तळघर पावसानंतर बघा, ऊन असताना नाही.

आपल्याकडच्या किराण्याचं म्हणाल तर हॅरिसनबर्ग किंवा शार्लट्सव्हिल गाठावं लागतं. शार्लट्सव्हिलला जाताना ॲफ्टनच्या डोंगरावर धुकं असं पडतं की रस्त्याच्या कडेला जमिनीत दिवे बसवलेत, ते लागलेले दिसले की वेग कमी करा. रेल्वे आहे, न्यूयॉर्क ते शिकागो, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि वेळेवर येईल या भरवशावर पुढचं विमान ठरवू नका.