कर्करोग-संशोधनाचं अनुदान : निबंध शेवटून वाचा

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. तोंडाच्या कर्करोगावर काम करायचंय, दहा-बारा लाख लागतील. अनुदान शोधायला सुरुवात कुठून करू?

इंटरनेटवरच्या याद्यांपासून नको. त्यातल्या निम्म्या शिळ्या असतात. तुमच्या विषयावरचे दहा चांगले शोधनिबंध काढा आणि शेवटून वाचा. पैसे कोणी दिले, ते तिथे बारीक अक्षरात एका ओळीत असतं. त्या दहा ओळी म्हणजे तुमची यादी.

तुमच्या शेजारचंच घ्या. धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) चाचणीनेही मृत्यू घटतात, हे त्यातून दिसलं. काम टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संस्था यांचं होतं. पैसा गेट्स फाउंडेशनचा. याउलट, स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचण्याचा टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचा २०२३ चा अभ्यास बघा. इतक्या स्वस्त, जुन्या औषधावर कुठली कंपनी खर्च करणार? तिथे अणुऊर्जा विभागाचा पैसा होता. म्हणजे कोणाला काय परवडतं आणि कोणाला कशात रस आहे, हेही त्या ओळीतून कळतं.

तुमच्या आकाराच्या कामासाठी आधी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बाहेरच्या संस्थांसाठीची छोटी अनुदानं बघा. नंतर नॅशनल कॅन्सर ग्रिड. ही २०१२ मध्ये उभी राहिलेली देशभरातल्या कर्करोग केंद्रांची साखळी आहे. अनेक केंद्रांनी मिळून करायच्या कामाला ती पैसे देते. एकट्याने जाण्यापेक्षा साखळीतल्या एखाद्या केंद्राचा हात धरून गेलात तर बरं.

प्रश्न : पुण्यात प्रयोगशाळेत आहे. प्रपोजल दोनदा परत आलं. शेरा : 'उद्दिष्ट मोघम, प्राथमिक माहिती अपुरी.' आता काय?

शेरा नीट आहे हो. रिव्ह्यूअरच्या, म्हणजे प्रपोजल तपासणाऱ्याच्या, टेबलावर एका वेळी गठ्ठा असतो आणि मीही त्या खुर्चीत बसलेय, म्हणून सांगते : पहिलं पान संपेपर्यंत मत बनलेलं असतं. 'अमुक प्रथिनाच्या भूमिकेचा अभ्यास करणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'ज्या रुग्णांच्या गाठीत हे प्रथिन जास्त, त्यांच्यात दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं का?' असं विचारा. याला हो किंवा नाही असं उत्तर येऊ शकतं.

मग आकडा. प्रपोजलमध्ये ३०० रुग्ण लिहिता आणि जोडीच्या रुग्णालयात महिन्याला आठ येतात. दोन वर्षांत झाले १९२. त्यातले काही संमती देणार नाहीत, काही गावी जाऊन परत येणार नाहीत. हा हिशेब रिव्ह्यूअर पेन्सिलीने समासात करतो. तुम्ही आधीच करून ठेवा, नाहीतर दुसरं रुग्णालय जोडा.

प्राथमिक माहितीसाठी वेगळं अनुदान लागतंच असं नाही. पॅथॉलॉजी विभागात जुन्या रुग्णांच्या गाठींचे मेणाचे ब्लॉक कपाटं भरून पडलेले असतात. एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, तीस ब्लॉकवर चाचणी करा, पॅथॉलॉजिस्टला सहसंशोधक करा. केवळ सहीपुरतं नको, कामाला घ्या. तीस नमुन्यांचा एक साधा आलेख चार पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलतो.

प्रश्न : एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला काही मिळेल?

आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप तुमच्यासाठीच आहे. दोन महिन्यांत संपेल एवढाच विषय घ्या, आणि विषयाआधी गाईड शोधा.

प्रश्न : आमच्या ट्रस्टला संशोधनासाठी न्यू जर्सीतले नातेवाईक पैसे द्यायला तयार आहेत. सरळ खात्यात घेऊ का?

थांबा. आधी पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिक झालेला सख्खा भाऊ मात्र कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी. त्यासाठी ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाहीत. 'आम्ही घेतो आणि कॉलेजला देतो' हा बेत तिथेच संपला. परदेशी निधीतल्या आरोग्य-संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तीही वेळापत्रकात धरा.

प्रश्न : अनुदान मंजूर झालं! आता निवांत?

अभिनंदन, पण अकाउंट्स विभागात आजच चहा घ्या. माझ्या पहिल्या प्रकल्पात रसायनांचं एक बिल चुकून उपकरणांच्या खर्चात पडलं. युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) परत आलं, दुसरा हप्ता आठ महिने अडकला. प्रकल्पातल्या मुलीचा पगार थांबला; ती तेवढे महिने घरच्यांकडून खोलीचं भाडं मागवत होती. मला अजून त्याची लाज वाटते, कारण कागदावर सही माझी होती.

तेव्हापासून मनुष्यबळ, रसायनं, उपकरणं, प्रवास अशा प्रत्येक शीर्षकाची वेगळी वही ठेवते आणि दर महिन्याच्या पाच तारखेला अकाउंट्सच्या नोंदींशी ताडून बघते. सर्टिफिकेटचा जीएफआर (केंद्र सरकारचे वित्तीय नियम) १२-ए हा नमुना मार्चमध्ये नाही, आत्ताच छापून भिंतीला लावा.