रात्रीची ओली चादर आणि तोडलेले पाणी

“आई हे मुद्दाम करते का?” पन्नाशीच्या त्या गृहस्थांनी हा प्रश्न इतक्या हळू विचारला की तो मला त्यांना पुन्हा विचारायला सांगावा लागला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ऐंशीच्या घरातील त्यांच्या आईंची लघवी रात्री अंथरुणातच होत असे, संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करूनही फरक पडला नव्हता, आणि आदल्या आठवड्यात गादीखाली लपवलेले ओले कपडे सापडल्यावर ते आईंवर ओरडले होते. त्या रात्री तेही झोपले नाहीत.

मुद्दाम अंथरूण ओले करणारे प्रौढ माणूस मी अपवादानेच पाहिले आहे. लपवलेले कपडे हा हट्ट नव्हता, ती लाज होती. हे सांगून मी त्यांना तीन दिवस एका वहीत आई केव्हा काय पितात, लघवी केव्हा होते, अंथरूण किती वाजता ओले होते आणि शौचाला केव्हा होते, एवढेच लिहायला सांगितले.

वहीने बरेच उलगडले. धास्तीमुळे आई दिवसभरही जेमतेम दोन-तीन पेले पाणी पीत होत्या, शौचाला चौथ्या दिवशी होत होते, संध्याकाळी घोट्यांवर सूज असे आणि अंथरूण बहुधा एकच्या सुमारास ओले होई. पाणी तोडले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते, शिवाय मळ घट्ट होतो आणि साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो. म्हणजे उपायच दुखणे वाढवत होता. पायांत दिवसभर उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते रात्री गाळतात, म्हणून दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडण्याचा उपयोग होतो. लघवी वाढवणारी गोळी आई रात्री जेवणानंतर घेत होत्या. ती वेळ डॉक्टरांनीच दुपारवर आणली, आणि लघवी व साखरही तपासून घेतली. गोळीची वेळ घरच्यांनी परस्पर बदलू नये. त्रास अचानक सुरू झाला असेल, ताप, जळजळ, लघवीत रक्त किंवा बोलण्यात गोंधळ असेल, अथवा पोट तट्ट फुगून लघवी नुसती थेंबथेंब गळत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

पाणी आता सकाळपासून दुपारपर्यंत पुरेसे आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास बेताचे, असे ठरले. आई ज्या बाजूने उठतात तिथे कमोडची खुर्ची आणि मंद दिवा आला. अंधारात घाईने उठून पडणे हा मला ओल्या चादरीपेक्षा मोठा धोका वाटतो. पाऊण वाजता एकदाच उठवायचे, दर तासाला नाही. डायपरला माझा विरोध नाही, मात्र तो उठवण्याचा कंटाळा म्हणून बांधू नये, आणि ओला झाल्यावर त्वचा कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून, वर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. गादीवर मेणकापड व चादर, त्यावर पुन्हा मेणकापड व चादर असे दोन थर घातले की रात्री फक्त वरचा थर ओढून काढावा लागतो.

दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. आठवड्यातून एक-दोन रात्री अजूनही ओल्या होत होत्या. पण गादीखाली आता काही सापडत नाही. वरचा थर आई स्वतःच ओढून बादलीत टाकतात आणि सकाळी चहा घेताना सांगतात.