महापालिकेच्या उमेदवाराचं पाणी-कचऱ्याबद्दलचं मत शपथपत्रातून कळतं का?

नाही, शपथपत्रात मतं नसतात. अर्जासोबतच्या त्या कागदात मुख्यतः मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती असते. आमच्या प्रभागातल्या उमेदवारांची शपथपत्रं मी ओळ न् ओळ वाचली आहेत. मत जाणून घ्यायचं तर माजी नगरसेवकाचं जुनं काम बघा: सर्वसाधारण सभेत त्यांनी काय विचारलं, प्रभागाचा निधी कशावर खर्च झाला. सभेचं इतिवृत्त संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागता येतं. मुंबई, पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते, त्यामुळे त्याआधीची नोंद मुख्यतः २०१७ ते २०२२ ची मिळेल.

नवख्या उमेदवाराची मात्र अशी नोंद नसते. तो प्रचाराला दारात आला की नेमकं विचारा:

- आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं?
- ओला कचरा इथून उचलल्यावर कुठे जातो?

“सगळं करू” एवढंच उत्तर आलं तर अभ्यास झालेला नाही असं मी खुशाल समजते. मुंबईबाहेर एका प्रभागातून सहसा चार जण निवडून द्यायचे असतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळं विचारा.